घागर तरंगता कामा नये: कोल्हापुरात चित्रकलेची शिकवणी लावणाऱ्यांसाठी

मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितो. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ब्रश हातात धरला, त्याला आता सहा वर्षं झाली. त्यातलं पहिलं वर्ष फुकट गेलं. कुणाकडं शिकायचं, तिथं जाऊन काय करायचं, हे धड सांगणारं कुणी भेटलं नाही. आता यार्डातले दोघंतिघं आणि आमच्या शेजारच्या वहिनी 'आमच्या पोराला कुणाकडं लावू?' म्हणून मलाच विचारतात. दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

आधी घरात ठरवा, कशासाठी

सरांच्या दारात जाण्याआधी एवढं ठरलेलं बरं. कोल्हापुरात शिकवणीला येणारी माणसं साधारण तीन तऱ्हेची असतात. पहिली शाळेतली पोरं, ज्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतात. या परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं आणि फॉर्म शाळेमार्फत भरला जातो. तेव्हा शिकवणी कुठंही लावा, फॉर्मसाठी शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनाच विचारायचं. वस्तू समोर ठेवून काढायचं चित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे डिझाइन), भूमिती आणि अक्षरलेखन असा तिथला मामला असतो. चांगला पोर्ट्रेट करणारा पेंटर भूमितीला हात लावेलच असं नाही, हे विचारून घ्या.

दुसरी बारावीच्या आसपासची पोरं, ज्यांना बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, जायचं असतं. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. तिथंही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि डिझाइन असतंच, वर सामान्यज्ञानाचा पेपर. इथं घड्याळ लावून सराव करून घेणारा माणूस पाहिजे. निवांत शिकवणारे सर कितीही मोठे असले तरी या कामाला उपयोगी नाहीत.

तिसरे आमच्यासारखे. ज्यांना कुणी मार्क देणार नाही आणि ज्यांच्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही.

एक गोष्ट तिघांनाही सांगतो. खासगी क्लासवाले वर्षाच्या शेवटी रंगीत सर्टिफिकेट देतात. ते घरात लावायला छान दिसतं, पण कुठल्याही कॉलेजच्या प्रवेशाला त्याचा उपयोग नाही. सर्टिफिकेटच्या नावाखाली जादा पैसे मागितले तर नमस्कार करून निघा.

चार चित्रं बघून या

हे कुणी सांगत नाही. चित्रकला शिकायला निघालेली बरीच माणसं आयुष्यात एकही खरं चित्र जवळून न बघता निघालेली असतात. मीही त्यातलाच. मोबाइलवर बघितलेलं चित्र आणि भिंतीवरचं चित्र यात किती फरक असतो ते समोर उभं राहिल्यावर कळतं. कागदाचा खरखरीतपणा दिसतो, ब्रश कुठं ओला होता आणि कुठं कोरडा हे दिसतं.

आपल्या गावाला उगाच कलापूर म्हणत नाहीत. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तूंबरोबर चित्रंही आहेत. आबालाल रहिमान तिथं बघा. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, १९३१ साली वारले. रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या काठावर बसून या माणसानं जे केलं ते समोर उभं राहून बघण्यासारखं आहे. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. ते सिनेमातले नट म्हणून आपल्याला माहीत, पण पावडर शेडिंगमध्ये त्यांनी केलेली निसर्गचित्रं बघितली की नुसत्या कोरड्या भुकटीतून काय काय निघू शकतं ते समजतं. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शनं लागतात. तिथं फुकट जाता येतं आणि चित्रकार बहुधा स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोला. या गावात पेंटर बोलायला कधी नाही म्हणत नाहीत, उलट थांबवावं लागतं.

जाता जाता एक. बाहेरगावच्या पाहुण्यांना गंमत वाटते, की आपल्याकडं 'पेंटर' हे आडनावासारखं लागतं. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. वडिलांच्या हाताखाली काम बघत वाढले. आनंदराव पेंटरांबरोबर नाटकांचे पडदे रंगवले, पुढं स्वतःचा कॅमेरा बनवून सिनेमे काढले. शाळा-कॉलेजात न जाता कुणाच्या तरी शेजारी बसून शिकायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शिकवणी तीच, फक्त आता फी असते.

सर कुठं सापडतात

पाटी लावलेले क्लास सगळ्यांना दिसतात. पाटी नसलेले सर शोधायला थोडं फिरावं लागतं. मला सगळ्यात उपयोगी पडला फ्रेमवाला. कुठला चित्रकार सध्या काम करतोय, कुणाची चित्रं किती निघतात, कोण उधारी वेळेवर देतो, हे फ्रेमवाल्याइतकं कुणाला माहीत नसतं. दुसरा, रंग-कागद विकणारा दुकानदार. तिसरे शाळेतले ड्रॉइंगचे सर. पंचगंगेच्या घाटावर किंवा भवानी मंडपात सकाळी मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली आर्ट कॉलेजची पोरं दिसली तर त्यांनाही विचारा, पण ती रंग ओले असताना नको. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, वाळेपर्यंत थांबा.

पहिल्या भेटीत काय बघायचं

आता मुद्द्याचं. फी विचारण्याआधी म्हणा, 'सर, एक दिवस नुसता बसून बघू का?' चांगले सर हो म्हणतात. मग एका कोपऱ्यात बसा आणि एकच गोष्ट बघा: सर विद्यार्थ्याच्या चुका कशा सुधारतात.

माझं पहिलं वर्ष गेलं ते याच्यावरून. क्लासचं नाव नको, आता त्याला काय करायचंय. तिथं सर मागून यायचे, माझ्या हातातला ब्रश घ्यायचे आणि पाच मिनिटांत झाड उभं करून जायचे. आकाश पण त्यांचंच. मी खाली सही करायचो. घरी सगळे खूश, मी पण खूश. व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस. दहा महिन्यांनी मेहुण्याच्या घरी कुणीतरी हौसेनं कागद पुढं केला, 'काढा की दाजी काहीतरी.' मला साधा कप काढता येईना. कपाला कान लावला तर तो पोटाला चिकटलेल्या जळूसारखा दिसायला लागला. भाचा हसला. त्या रात्री सगळी सही केलेली चित्रं काढून बघितली, त्यात माझं म्हणावं असं फार तर कुंपण होतं.

आताचे माझे सर मंगळवार पेठेत असतात. त्यांच्याकडं पहिल्या दिवशी बसून बघितलं, तर त्यांनी एका मुलीच्या घागरीच्या चित्राला हातच लावला नाही. तिच्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, मोकळ्या जागेत, काडेपेटीएवढी तीच घागर काढली आणि विचारलं, 'तुझ्यात आणि ह्याच्यात काय फरक हाय सांग.' मुलगी दोन मिनिटं बघत राहिली, मग म्हणाली, 'सर, माझी तरंगालीया.' तिनं स्वतः खोडलं, स्वतः काढलं. मी त्याच दिवशी फी दिली.

त्यामुळं माझा सल्ला असा, की करेक्शन समासात करणारे सर निवडा. तुमच्या चित्रावर चित्र काढणारे नको. लहान पोरांच्या बाबतीत तर हे फारच बघावं. पोराचं चित्र दुसऱ्याच महिन्यात एकदम मोठ्या माणसानं काढल्यासारखं दिसायला लागलं, तर ते मोठ्या माणसानंच काढलेलं असतं.

आणखी दोन-तीन गोष्टी त्याच बैठकीत नजरेखालून घाला. सर स्वतः अजून काम करतात का? बोर्डावर एखादं अर्धवट चित्र लावलेलं असलं की बरं. सगळे विद्यार्थी एकच फोटो बघून एकच चित्र काढतायत का? तसं असेल तर तो कारखाना आहे. उजेड कुठून येतो? एका बाजूनं, शक्यतो उत्तरेकडून आला तर सावल्या तास-दोन तास जागच्या हलत नाहीत, कारण वर्षातला बराच काळ त्या बाजूनं थेट ऊन येत नाही. (मे महिन्यात दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो खरा, पण मग लगेच ढगच येतात.) तीन ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या घागरीला तीन सावल्या पडतात आणि नवखा माणूस वेडा होतो.

मूल लहान असेल तर पहिले काही दिवस आईवडिलांपैकी कुणीतरी तिथं बसावं. दार उघडं असतं का, घरात इतर माणसं असतात का, हेही बघावं. यात सरांना राग यायचं कारण नाही. राग आला तर आपलं उत्तर आपल्याला मिळालं.

पैसे आणि वेळ

महिन्याला की बैठकीला, हे सुरुवातीलाच बोला. बैठकीचा हिशेब असेल तर एक बैठक किती तासांची, चुकलेली बैठक भरून मिळते का, कागद-रंग कुणाचे, बाहेर लँडस्केपला गेलं तर वेगळे पैसे का, हे चारही प्रश्न विचारून टाका. आपल्याकडं कलावंतापुढं पैशाचं बोलायला माणसं लाजतात आणि मग तीन महिन्यांनी कुरबुर करतात. मी हिशेबाचा माणूस, मी पहिल्या रविवारी पाकिटात घालून टेबलावर ठेवतो. गुळाच्या हंगामात मला रविवारही मिळत नाही, ते मी आधीच सांगितलं होतं. सर म्हणाले, 'मग त्या महिन्यांत गुळाचे रवे काढ, काहील काढ, गुऱ्हाळ समोरच हाय की.' ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

आठवड्याला दोन तासांची एक बैठक पुरते, पण घरी रोज अर्धा तास हात चालला तरच. नुसत्या रविवारवर कुणी शिकलेलं मी बघितलं नाही.

सामान: पहिल्या दिवशी दुकान उचलून आणू नका

सरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. विचारल्यावर बहुतेक हेच सांगतील: एचबी, २बी, ४बी आणि ६बी पेन्सिली, टोक करायला ब्लेड किंवा कटर (शार्पनरनं शिसं लांब निघत नाही), मऊ खोडरबर, अर्ध्या इम्पिरियल कागदाच्या मापाचा प्लायचा बोर्ड, दोन क्लिपा आणि कार्ट्रिज कागद. पूर्ण इम्पिरियल कागद २२ बाय ३० इंचाचा असतो, त्याचा अर्धा १५ बाय २२. बोर्ड त्याहून इंचभर मोठा घ्या, नाहीतर क्लिप कागदाच्या आतच येते.

रंगाला वेळ आहे. आला की जलरंगाच्या सहा-सात ट्यूब भरपूर झाल्या: लेमन यलो, यलो ऑकर, स्कार्लेट, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि पाहिजे तर एक हिरवा. काळा घेऊच नका. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की जो करडा निघतो, त्यात आपल्याकडच्या जून महिन्याचं सगळं आभाळ बसतं. ब्रश गोल, ४, ८ आणि १२ नंबरचे, आणि वॉशसाठी एक इंची चपटा. पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, कागदात वाचवू नका. पातळ कागद पाणी लागलं की पापडासारखा फुगतो आणि तुम्हाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. जलरंगाला ३०० जीएसएमचा जाड कागद घेतला तर निम्मे अश्रू वाचतात.

ब्रश पाण्याच्या डब्यात उभा ठेवून चहाला जायचं नाही. टोक कायमचं वाकतं. माझा पहिला १२ नंबर असाच गेला, सर काही बोलले नाहीत, फक्त त्या ब्रशनं त्यांच्या बाईंनी पुढं समईची वात पुढं सरकवायला सुरुवात केली.

पहिले तीन महिने

कंटाळवाणे असतात. तालमीत नवा पोरगा गेला तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी कुस्ती लावून देतात का? आधी माती उकरायची, मग जोर-बैठका. इथं रेघा, ठोकळा, चेंडू आणि मग घागर.

घागरीवर थोडं थांबतो, कारण इथंच सगळे अडकतात. घागरीचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, पण समोर बसल्यावर ते गोल दिसत नाही, दबलेलं, लंबगोल दिसतं. नवखा माणूस त्या लंबगोलाच्या दोन्ही टोकांना कोपरे काढतो, केळ्यासारखे. लंबगोलाला कुठंही कोपरा नसतो, टोकालाही तो वळतोच. दुसरी चूक बुडाची. तोंड वळवलेलं असतं, पण बूड सरळ रेघ, कारण घागर 'सपाट जमिनीवर ठेवलीय ना!' घागर डोळ्याच्या पातळीच्या खाली असेल तर बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वळलेली दिसते, कारण ती आपल्या नजरेच्या जास्त खाली आहे आणि आपण तिच्याकडं जास्त वरून बघतो. हे पटत नसेल तर काचेचा ग्लास घ्या, निम्मा पाण्यानं भरा आणि डोळ्यासमोरून हळूहळू खाली न्या. डोळ्याच्या रेषेत कड नुसती रेघ होते. खाली जाईल तशी उघडत जाते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यानं बघितलं की पुस्तक नको.

आणि तिसरं, सावली. घागर जिथं टेकते तिथं सगळ्यात गडद, बारीक सावली असते. ती नसली की घागर तरंगते. सरांच्याकडं हा शब्द रोज चार वेळा ऐकू येतो.

माप पेन्सिलीनं घ्यायचं. हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीचं टोक तोंडाच्या कडेला आणि अंगठा बुडाला. कोपर वाकलं की माप खोटं. मी पहिले दोन महिने कोपर वाकवायचो आणि माझ्या सगळ्या घागरी लठ्ठ व्हायच्या.

पाऊस आणि पाणी

कोल्हापुरात जलरंग शिकायचा तर हवामान दोन टोकांचं आहे. एप्रिलमध्ये वॉश कागदावर पसरायच्या आत वाळतो, कडा धारदार होतात. तेव्हा कागद आधी स्वच्छ पाण्यानं ओला करून घ्यावा, किंवा सकाळी लवकर बसावं. जुलैत उलट. वॉश अर्धा तास झाला तरी वाळत नाही, आणि अधीर माणूस त्यावर दुसरा रंग टाकून सगळा चिखल करतो. जुलैत एका वेळी दोन कागद घेऊन बसा. एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम.

ओलाव्यानं कोरा कागदही बिघडतो. त्यावरचा सरसाचा लेप सुटतो, मग रंग जागोजाग शोषला जातो आणि डाग पडतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लोखंडी कपाटात ठेवा, भिंतीला टेकवून अजिबात नको.

बाहेर कधी

सर नेतील तेव्हाच. पण सुरुवातीला एकट्यानं जायचं झालं तर रंकाळ्यावर सकाळी सातला जा. संध्यामठ बघायचा तर उन्हाळ्यात, पावसाळ्यात तलाव भरला की त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. आधी पेन्सिलीनं पोस्टकार्डाएवढं स्केच करा आणि ऊन कुठल्या बाजूनं आहे तिथं बाण काढून ठेवा. अर्ध्या तासात सावल्या फिरतात. नवखा माणूस त्यांच्या मागं धावतो आणि चित्रात दोन सूर्य येतात. बाण काढलेला असला की त्यालाच चिकटून राहायचं. मागं माणसं जमतील, 'ह्यो कोण रे पेंटर?' म्हणतील. एखादे काका येऊन सांगतील की तुमचं झाड चुकलंय. बऱ्याचदा काकांचं बरोबर असतं.

थोडे रीतिरिवाज

सरांना 'सर' म्हणा, वय झालेले असतील तर 'गुरुजी'ही चालतं. चहा नाकारू नका. सरांच्या चित्रावरून सराव म्हणून नक्कल केली असेल तर खाली स्वतःची सही टाकून कुणाला विकू नका, देऊही नका. कोपऱ्यात 'सरांच्या चित्रावरून' एवढं लिहा. न येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. त्यांनी तुमच्यासाठी स्टिल लाइफ, म्हणजे चित्रासाठी वस्तू आणि कापड, मांडून ठेवलेलं असतं, ती कापडाची घडी एकदा मोडली की परत तशी पडत नाही.

सहा महिने होऊनही काही कळत नसेल तर आधी सरांशीच बोला. मग बदलायचं असेल तर सांगून, पैसे मिटवून बदला. गाव लहान आहे, फ्रेमवाल्याच्या दुकानात पुन्हा समोर येणारच.

आणि सुरुवातीची वाईट चित्रं टाकू नका. तारीख घालून एका फाइलला लावा. शाहूपुरी, दुधाळी किंवा नदीकडच्या भागात राहत असाल तर ती फाइल जूनच्या आधी पोटमाळ्यावर चढवा. मागं पूर आला तेव्हा माझ्या पहिल्या दोन वर्षांतली सगळी स्केचबुकं पलंगाखाली होती.